घराच्या फायलीतला माझा कागद

कार्ड मी चार घड्या करून मुठीत नेलं होतं. कंपाऊंडरनं ते उलगडलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला,

"हे कोणाचं? सिकलसेल कोणाले आहे?"

बाहेरून नाटकाच्या जाहिरातीची गाडी भोंगा वाजवत चालली होती. कोणाला ऐकू गेलं नसेल असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं परत एकदा विचारलं.

मी त्याच्या पुढ्यातच होते. हातभर अंतरावर. कार्ड मीच त्याच्या हातात दिलं होतं, हळूच. कोणाचं आहे ते त्याला माहीत होतं.

"माजं आहे," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग ना वो. पुरा रोग आहे तुले. लगन झालं का? पाळी बराबर येते का?"

बाकावर वीसेक माणसं. एका बाप्यानं पेपर खाली केला. मी एकोणीस वर्षांची. आमच्या गल्लीत कपडे शिवणारी काकू नातवाला घेऊन तिथंच बसली होती. तिनं नातू उचलून दुसऱ्या मांडीवर घेतला. माझ्यापासून लांबच्या. मग तिनं विचारलं, मला नाही, मला घेऊन आलेल्या माझ्या मालकीणबाईला:

"हा रोग लागते का वो, बाई?"

बाई म्हणाल्या, "मले काय माईत? आमच्या इथी कामाले आहे. धानोऱ्याकडची पोट्टी. त्या जंगलातल्या लोकाइतच राह्यते हे."

त्या हे माझ्यावर चिडून बोलल्या नाहीत. बाकावरच्या लोकांची माफी मागितल्यासारखं बोलल्या. आपल्या गाडीचा चिखल कोणाच्या धोतरावर उडावा आणि आपण हात जोडावेत, तसं.

डॉक्टरच्या खोलीचं दार उघडंच असायचं. त्याला विटेची टेकण. आत एकाच वेळी तीन पेशंट. एक म्हातारा बीपी मोजून घेत होता, एक बाई इंजेक्शनसाठी दंड पुढे करून उभी. मी स्टुलावर. डॉक्टर माझ्याबद्दल मालकीणबाईंना विचारत होते, बाई सांगत होत्या. किती दिवस दुखते, कुठी दुखते. दुखत मला होतं. मग डॉक्टर म्हणाले, "पोट दाखव, पानथरी बघू, प्लीहा सुजली का ते." मी कुर्ता वर केला. दारातून हॉल दिसत होता. म्हणजे हॉललाही मी दिसत होते.

घरी येताना बाईंनी मला संत्री घेऊन दिली. मी "कशाले, बाई" म्हणाले आणि घेतली.

हे मुद्दाम लिहिते, कारण बाई वाईट नाहीत. माझं गाव धानोऱ्याच्याही पलीकडे, जंगलात. वडशाला यायला दोन एसट्या बदलाव्या लागतात. आश्रमशाळेत आठवीत होते, तेव्हा थंडीत सांधे इतके ठणकायचे की फरशीवरून उठवत नव्हतं. महिन्यात पंधरा दिवस शाळा बुडायची. मग सुटलीच. तपासणीचं शिबिर तिथंच झालं, कार्ड तिथंच मिळालं. कार्ड मायनं गाठोड्यात खाली दाबलं. "कोणाले दाखवू नको," एवढंच म्हणाली. पुढं वडशाच्या या तांदळाच्या व्यापाऱ्याच्या घरी मला कामाला घेतलं. खोली दिली, स्वेटर दिलं, दिवाळीला गावी पाठवलं. अंग दुखायला लागलं तेव्हा बाईच म्हणाल्या, चल, आपल्या डॉक्टरकडे दाखवू. आपल्या. हा शब्द ऐकून मी त्या दिवशी भांडी दोनदा घासली होती.

त्या दवाखान्यात एक रीत आहे. माणसाची फाईल नसते, घराची असते. वर घरमालकाचं आडनाव. आत त्याचा कागद, बायकोचा, पोरांचा, आणि घरात कामाला जे असतील त्यांचाही. कंपाऊंडरनं माझा कागद त्या फायलीत लावला तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं होतं. आठवी सुटलेली पोरगी एवढ्या मोठ्या घराच्या फायलीत. मी मनात म्हटलं, आता कोणी हाकलणार नाही.

फायलीचा अर्थ मला हळूहळू कळला. घरातलं कोणीही दवाखान्यात गेलं की फाईल उघडायची, माझा कागद दिसायचा. मालकाच्या भावानं वाचला. त्याच्या बायकोनं वाचला. एकदा ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "तुया पोटात ते पानथरी मोठी झाली म्हणे?" हसून म्हणाली. भाजीत मीठ किती म्हणून विचारावं, तसं.

आणि पहिल्या भेटीनंतर आठवडाभरात माझ्या ताटाला आणि पेल्याला खालून नेलपॉलिशचा लाल ठिपका लागला. बाई म्हणाल्या, "तुलेच सोपं जाते ओळखाले." डॉक्टर म्हणाले होते, हा रक्तातला रोग, लागण होत नाही, आईबापाकडून येतो. बाईंनी ते ऐकलं होतं. ठिपका तरीही लावला. मी त्याच ताटात जेवत राहिले. मला भीती होती. या घरातून गेले तर कुठं? गावात दवाखाना नाही, गोळ्या नाहीत, परत शाळेतल्यासारखं दुखत पडून राहायचं, फक्त फरशीऐवजी मातीच्या जमिनीवर. एवढाच फरक.

नेलपॉलिश ताईची होती. ताई म्हणजे बाईंची पोरगी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ब्रम्हपुरीकडचं स्थळ ठरत आलं होतं आणि तिच्या एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणून तिनं हट्टानं सिकलसेलसाठी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट घ्यायला बाई, ताई आणि मी गेलो. मी पर्स धरायला.

आम्ही हॉलमध्ये पाय ठेवला तसा कंपाऊंडर उठला. ओरडला नाही. "या ना, ताई," म्हणाला. आतल्या दोन पेशंटना बाहेर काढलं, बाई आणि ताई आत गेल्या, आणि त्यानं पायानं वीट सरकवून दार लावलं. आतून कडी लागली. मी कडीचा आवाज ऐकला.

मी बाहेर पर्स घेऊन बसले आणि जळले. दुसरा शब्द नाही. मला तिच्या सोन्याचा कधी हेवा वाटला नव्हता. तिच्या कॉलेजचा वाटला होता, पण तो गिळला होता. त्या दिवशी मला दाराचा हेवा वाटला. आत डॉक्टर हळू बोलत असतील याचा. ती रडली तर कोणी बघणार नाही याचा. तिला "पाळी येते का" हे कोणी शिंपिणीसमोर विचारणार नाही याचा. पर्सचा पट्टा मी इतका पिळला की त्याचा टाका उसवला.

त्या बाहेर आल्या तेव्हा ताईच्या हातात पाकीट होतं. चिकटवलेलं.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिथं. पाकीट पुढे केलं.

"तुले समजते ना यातलं? मले दुखन का गं?"

मी वाचलं. ती वाहक होती. माझ्या रोगाचा निम्मा वाटा तिच्याकडे होता, आणि दार तिला अख्खं मिळालं होतं.

"तुमाले काई होत नाई, ताई," मी म्हणाले. "वाहकाले दुखत नाई. पण नवरदेवाची तपासणी कराले लावा. तोही वाहक निघाला तर लेकरू माज्यासारखं होऊ शकते."

"तुझ्यासारखं?"

तिनं मुद्दाम नाही म्हटलं. तोंडून निघून गेलं. पण तिचा चेहरा मी पाहिला. तिच्या आयुष्यात जे सगळ्यात वाईट होऊ शकत होतं, ते मी होते. तिच्यासमोर बसलेली. तिचा रिपोर्ट वाचून देणारी.

मागून बाई आल्या. "घरातलं घरातच राह्यलं पायजे," मला म्हणाल्या. "तू आपल्या घरचीच आहेस."

माझं घरातलं काऊन नाही राहिलं, बाई? हे मी मनात विचारलं. तोंडानं "हो" म्हणाले.

पंधरा दिवसांनी थंडी वाढली आणि माझे गुडघे पुन्हा धरले. बाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. त्या दारातच कोणाशी तरी बोलत थांबल्या. मी बाकावर बसले. शेजारी तीच शिवणवाली काकू. आज ती सरकली नाही. उलट जवळ आली.

"काय गं, तुमच्या ताईची लगनाची तपासणी झाली म्हणे. काय निघालं?"

माझ्या जिभेवर आलं होतं.

मी चांगली आहे म्हणून ते थांबलं, असं कोणी समजू नका. मी मनात सगळं बघून घेतलं. ब्रम्हपुरीचे लोक उठून जाताना बघितले. बाई बाकावरच्या लोकांची माफी मागताना बघितल्या. ताईचं दार कोणी धाडकन उघडलेलं बघितलं. आणि मला आनंद झाला. एक शब्द. फक्त एक शब्द बोलायचा होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात कोणाचं तरी काही होतं.

मी हॉलकडे पाहिलं. तीच बाकं, तेच कान. याच बाकांनी मला खाल्लं होतं. आता मी त्यांच्या ताटात ताईला वाढणार होते. आणि काकू भुकेली होती, तोंड थोडं उघडं टाकून.

"मले नाई विचाराचं," मी म्हणाले. "तिचं तिले विचारा."

"बाप्पा! मोठी आली शहाणी."

पण माझे कान माझ्याच वाक्यावर राहिले. तिचं तिले विचारा. माझ्यासाठी हे वाक्य आजपर्यंत कोणी बोललं नव्हतं. मायनं लपवायला सांगितलं. बाईंनी वाटून टाकलं. मधलं कोणी शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात कंपाऊंडरनं हाक मारली, "धानोऱ्याची! सिकलसेल!"

मी उठले नाही.

"ए सिकलसेल! बहिरी झाली का वो?"

"माजं नाव घ्या."

"नाव कोणाले माईत? कागद त्यांच्या फायलीत आहे तुया."

"मंग तो काढून द्या. माजा येगळा ठेवा."

तो बाईंकडे बघू लागला. बाई पुढे आल्या. "काय तमाशा लावला?" डॉक्टर दारात आले. मी भिंत धरून उभी राहिले आणि पाठ केल्यासारखं एकदम बोलून टाकलं:

"साहेब, मले एकटीले तपासा. दार लावून. बाई बाहेर बसतीन."

"अगं, त्या तुला सांभाळतात. त्यांच्यापासून काय लपवायचं?"

"लपवत नाई. ज्याले सांगाचं त्याले मी सांगीन."

"एवढे लोक थांबलेत. एकेकासाठी दार लावत बसलो तर..."

"काई जणाइसाठी लावता तुमी. मी पाह्यलं."

कोणाचं नाव मी घेतलं नाही. घ्यायचं नव्हतं. तरी बाईंचा चेहरा पडला.

कोपऱ्यातली एक म्हातारी, मी तिला ओळखतही नव्हते, एकदम म्हणाली, "पोट्टी बराबर बोलून राह्यली. मी तीन खेपा आली, माजं दुखणं सांगितलंच नाई. एवढ्या बाप्याइत कसं सांगू?" कोणीतरी हसलं. म्हातारी नाही हसली.

डॉक्टरांनी दाराची वीट पायानं बाजूला सारली. मग आतल्या लोकांना बाहेर यायला सांगितलं. दार लागलं. मी डॉक्टरला जे सांगितलं ते त्याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते मी इथंही लिहीत नाही.

बाहेर आले तेव्हा कंपाऊंडरनं माझा कागद फायलीतून ओढून काढला होता. माझ्याकडे न बघता त्यानं तो पुढे सरकवला. वरची जागा कोरी होती. मी त्याच्याकडून पेन मागून घेतला आणि माझं नाव लिहिलं.

घरी बाई म्हणाल्या, "एवढं केलं तुयासाठी."

"केलं, बाई. मी विसरत नाई. पण माजा रोग तुमच्या घरचा नाई."

ताईचं लग्न होईपर्यंत राहा, मग दुसरं काम बघ, असं त्यांनी सांगितलं. ताईनं नवरदेवाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ते तिचं आहे. तिचा हेवा अजून आहे. रोज तिची साडी इस्त्री करताना असतो. पण तो मी तिच्यावर काढणार नाही, आणि गिळणारही नाही.

पुढचं काम अजून मिळालेलं नाही. भीती वाटते. नवीन घरी गेले की पहिल्या दिवशी सांगायचं की नाही, हे मी ठरवीन. कधी लग्नाची गोष्ट निघाली तर त्या मुलाला मी समोर बसवून सांगीन, त्याच्या मावशीच्या तोंडून त्याला कळू देणार नाही. माझ्या अंगात काय आहे ते माझ्याआधी कोणी बोलणार नाही. आणि ज्या दवाखान्यात माझ्यासाठी दार लावत नसतील, तिथून मी उठून जाणार नाही. गोळ्या मला लागतात. मी बाकावर बसून राहीन, सिकलसेल म्हणून कितीही हाका मारल्या तरी उठणार नाही, आणि माझ्यामागे रांग वाढत गेली तर वाढू देईन.