हैदराबाद ते नागपूर, सव्वा तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. एरवी मी न सांगितलेली गोष्ट शोधून सापडायची नाही – चार माणसं बसलेली दिसली की माझी जीभ वळवळते. ही एकच आत राहिली. आता तिला सांभाळून थकलो.

हैदराबादहून नागपूरला विमानाला किती वेळ लागतो? सव्वा तास. चहा संपतो न संपतो तोच खाली. पुढे करडी गावापर्यंत गाडीने दोन-अडीच तास. बस, एवढंच.

पण करडीत, माझ्या थोरल्या बहिणीच्या – आम्ही तिला बाई म्हणायचो – अंगणात मी हा प्रवास दिवसभराचा करून टाकला होता. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्रा, पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि त्यांच्यात कधी विमानात बसलेला मी एकटा – मग सोडतो काय? विमान आधी मुंबईला जातं, तिथे उतरवतात, ताटकळत ठेवतात, दुसऱ्यात कोंबतात... कमरेवर हात ठेवून मी लंगडूनही दाखवलं. "अन् मधात लघवीले थांबते का नाही?" भाऊजींनी विचारलं, आणि अंगण हसून लोळलं. बाई मात्र हसली नाही. "एवढे हाल करून कायले येतं रे? फोन करत जा."

ही सोय मला आवडली. खरं सांगू? फारच आवडली. पुढच्या मंडईला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भांडण नव्हतं, अडचण नव्हती – कंटाळा होता.

मग एका सकाळी भाऊजींचा फोन आला. बाई गेली. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, आणि ते भावाने आणायचं असतं. त्यासाठी मयत थांबवतात. दुपारपर्यंत तर कुणीही थांबवतं.

"भाऊ, तुमाले तं दिवसभर लागते," भाऊजी म्हणाले. "सांगा – थांबाचं का आटपाचं?"

एकच वाक्य बोलायचं होतं – दुपारी पोचतो. पण मग ते अंगण? ते लंगडणं? बाईने गावभर कौतुकाने सांगितलेले माझे हाल? आता थेट विमान सुरू झालंय, असं नवं खोटंही चाललं असतं – ते मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझी सगळी बडबड आटली होती. "नका थांबू," मी म्हणालो.

लुगडं शेजारणीने जवळच्या मोहाडीहून मागवलं. माझ्या नावाने घातलं.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. सव्वा तासात उतरलो, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. म्हणून गावाच्या अलीकडे गाडी थांबवली, शर्ट चुरगाळला, केस विस्कटले – हो, तेवढं नाटक त्या दिवशीही जमलं. अंगणात बायका बसल्या होत्या. "बिचारा, किती दुरून आला," त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं.

भाऊजींचे डोळे सुजलेले. तरी ते स्वतः गरम पाण्याची बादली घेऊन आले, माझ्यासमोर उकिडवे बसले. "पाय भरून आले असतीन," म्हणाले.

मी पाय पुढे केले.