हाडबाई आणि उशीवरचं अंडं

हॉस्पिटलात तिला तोंडावर डॉक्टरबाई म्हणत आणि पाठ वळली की हाडबाई. तिला ते पक्कं ठाऊक होतं. "कामाचं नाव आहे, चिकटू दे," म्हणायची आणि पुढच्या माणसावर खेकसायची.

उभा जन्म तिने ठिसूळ हाडांच्या पोरांत घालवला. जोरात शिंकलं तरी बरगडी मोडावी, अशी ही पोरं. घरचे त्यांना भीतीपोटी गादीवर ठेवत, हातच लावत नसत. हाडबाईने वर्षानुवर्षं एक्स-रे शेजारी शेजारी लावून पाहिले आणि कंठशोष केला : निजून राहिलेलं हाड आणखी ठिसूळ होतं, पोरांना उचला, बसवा, हलवा! बरोबरीचे डॉक्टर आधी हसले, मग हळूहळू गप्प झाले. तिला त्यांच्याकडे बघायला सवड कुठे होती?

उचलायचं कसं, तेही तीच शिकवायची. काखेत हात घालायचा नाही, पाय धरून ओढायचं नाही. एक तळवा मानेखाली, एक ढुंगणाखाली, बोटं पसरलेली. सरावाला काय, तर उशीवर कच्चं अंडं ठेवून वॉर्डभर चालायचं! किती बापांनी फरशीचा रेंदा केला, त्याला गणती नाही. पुसणाऱ्या मावशी हाडबाईच्या नावाने बोटं मोडायच्या.

एकदा एक सुतार पाच वर्षांच्या लेकीला गादीसकट हातगाडीवरून दाखवायला घेऊन आला. बायकोला सातवा महिना. आजवर पोरीला तीच उचलायची, आता तिला ते जमणार नव्हतं. सुताराने उचललं नाही, तर पोर महिनोन्‌महिने अंथरुणावर पडणार आणि उरलीसुरली ताकदही जाणार.

सुतार उशी घेऊन वॉर्डभर फिरला. अंडं जागचं हललं नाही.

"वा! आता लेकीला उचला," हाडबाई म्हणाली.

त्याने हात पाठीमागे नेले. "बाई, अंडं फुटलं तर दुसरं आणता येतं."

"अहो, पण..."

"तान्ही होती. लंगोट बदलताना मी पाय धरून उचललं. कट्‌कन आवाज आला. तेव्हापासून हात लावला नाही. कामावर फळी मोडली तरी मला तोच ऐकू येतो."

एरवी हाडबाईने झापलं असतं. आज ती स्टुलावर बसली. "माझ्याही हातून मोडलंय एका पोराचं हाड. तपासताना. दुसऱ्या दिवशी त्यालाच उचलायचं होतं. वॉर्डाच्या दारातून दोनदा मागे फिरले हो मी! पण मी नाही उचललं, तर तो कोणाच्या तोंडाकडे बघणार?"

सुताराचे हात पाठीमागेच राहिले. मग ती पोरीकडे वळली. "काय गं, आई कशी उचलते, माहीत आहे ना? मग सांग तुझ्या बाबाला."

पोरगी लगेच ताई झाली. "बाबा, एक हात इथे. दुसरा इथे. बोटं पसर. अरे, पसर ना! आता श्वास घे."

त्याने श्वास घेतला आणि तिला उचललं. काही मोडलं नाही. पोरीने त्याच्या मानेशी नाक नेलं, पुन्हा एकदा नेलं.

"बाबा, तुला लाकडाचा वास येतो!" ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

सुताराच्या डोळ्यांना धार लागली, पण हात तसूभर हलले नाहीत. हाडबाईने खेकसायला तोंड उघडलं आणि उशीवरचं अंडंच हातात घेऊन बसली. शेवटी मावशी पुढे झाल्या.

"चाला खुशाल," त्या म्हणाल्या. "फरशी कोरडी आहे."