पेनठाण्याखालचं लोखंड

त्या डोंगराची केस आठवली की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोलीचं सारं जंगल तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं आणि मी तिथल्या एका आडबाजूच्या ठाण्याचा ठाणेदार होतो.

आमच्या हद्दीतल्या एका डोंगरात लोखंडाचा दगड किती आहे, याचा अंदाज काढायला एक सरकारी भूगर्भतज्ज्ञ आले होते. ठरावीक अंतरावर खड्डे खणायचे आणि प्रत्येकातला दगड पिशवीत भरून तपासायचा, अशी त्यांची रीत. एके सकाळी हजेरी चालू असतानाच ते तणतणत ठाण्यात आले.

"माथ्यावरच्या एका खड्ड्याची पिशवी बदलली आहे. मी हिवतापानं तंबूत पडलो आणि मुकादमानं डाव साधला. चारी बाजूंचे खड्डे लोखंडानं भरलेले, आणि मधल्यात नुसते नाल्यातले गोटे? जमिनीत शेजारी शेजाऱ्यासारखा असतो, ठाणेदार!"

डोंगर हलका दाखवायचा आणि स्वस्तात खाणपट्टा लाटायचा, असा कुणाचा तरी बेत असावा, हा त्यांचा संशय. त्यात बाजाराच्या दिवशी एका कापडवाल्यानं माझ्या कानाशी लागून खबर दिली, "साहेब, मुकादमाच्या पायात नव्या वहाणा पाह्यल्या काय? कुठून आल्या?"

मुकादम म्हणजे पायथ्याच्या गावातला उतारवयाचा गोंड. त्याला ठाण्यात बोलावलं.

"पिशवी मीनंच भरली, साहेब. नाल्यातून."

"कुणी सांगितलं? किती पैसे घेतले?"

"कोणी नाई. वहाणा मजुरीतून घेतल्या."

एवढ्यावर त्याला आत टाकता आलं असतं. पण लाच खाल्लेला माणूस आधी कानावर हात ठेवतो. हा पहिल्याच प्रश्नाला कबूल झाला आणि माझी चुळबुळ सुरू झाली. जागेचा पंचनामा करायचा म्हणून मी त्याला आणि तज्ज्ञसाहेबांना घेऊन डोंगर चढलो.

उन्हानं खडक तापला होता, वाटेत काटे होते. माथ्याजवळ येताच मुकादमानं वहाणा काढून हातात घेतल्या. मी थांबलो. पुढे ऐनाच्या झाडाखाली उभे दगड, त्यांच्यापुढे तांदळाचे दाणे आणि शेजारी खड्ड्याची जागा दाखवणारी तज्ज्ञसाहेबांची खुंटी. खड्डा नव्हताच.

"पेनठाणा हाये आमचा," मुकादम म्हणाला. "देवाच्या जागेतला गोटा उचलता येत नाई."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं दुसऱ्याच्या हातानं खणलं असतं."

तज्ज्ञसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांचा राग तिथेच उतरला. "तक्रार मागे घेतो," ते म्हणाले. "इथे खणायची गरजच नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं.

"भोवतालच्या खड्ड्यांवरून मधलं काढता येतं," साहेब मला समजावू लागले. "जवळच्याला जास्त वजन द्यायचं, लांबच्याला कमी. आफ्रिकेतल्या खाणींत हे गणित आता बरंच पुढे गेलंय. अंदाज कितपत चुकेल, तेही सांगता येतं."

मुकादम लक्ष देऊन ऐकत होता. "म्हंजे न खणताच समजते तुमाले, याच्या खाली काय हाये ते?"

"हो."

"आन् ते हिशेबात धरता?"

"धरावंच लागतं."

"मंग मीनं वाचवलं काय?"

मला फार वाईट वाटलं.

स्टेशन डायरीत गुन्हा घडला नसल्याची नोंद करून मी प्रकरण मिटवलं. त्यानंतर नोकरीभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबाबावर कुणाबद्दल मत बनवताना मी अडखळत आलो. भोवतालच्यांवरून आतलं ओळखायची रीत आम्हा पोलिसांचीही आहे, आणि ती रीत कापडवाल्याच्या खबरीइतकीच खरी ठरते.

त्या दिवशी उतरताना पेनठाणा कधीच मागे पडला होता, तरी मुकादम अनवाणीच चालत होता. मी म्हटलं, "आता घाल की वहाणा."

"कुठून घालू, साहेब?" तो म्हणाला. "तुमी तं पेनठाणा आन् साराच डोंगर एक केला."