घरातलं एक मत

बेळगावच्या खडेबाजारात ग्रंथालयासाठी पुस्तकं शिवायचा दोरा घेत होते, तेव्हा काकीचा फोन आला. "पोरी, तुझे अण्णा गेले गं," एवढं ती नीट बोलली. मग जरा थांबून म्हणाली, "आप्पाला तूच सांग. माझ्याच्यानं न्हाय हुयाचं." अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते आणि आप्पा माझे वडील. सख्खे भाऊ. मी शाळेत असताना झालेल्या एका निवडणुकीपासून आप्पांनी अण्णांचा उंबरा ओलांडला नव्हता.

पिरनवाडीला घरी पोचले तेव्हा आप्पा परातीत शेंगा फोडत बसले होते. मी सांगितलं. हातातली शेंग त्यांनी तशीच परातीत ठेवली. "कवा?" "पहाटे. झोपेतच." आप्पांनी टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाले, "म्हंजे काय बोलला न्हाय..." आणि चपला शोधायला उठले. गावी आम्ही गेलो, खांदा आप्पांनीच दिला, पण घरात ते गेले नाहीत. अंगणातल्या दगडावर बसून राहिले.

आता काही आठवडे झाले आहेत. अण्णांबद्दल लिहायचं तर आमच्या जुन्या मतदारसंघाबद्दल लिहावं लागतं, कारण ते दुसरं फारसं काही बोलतच नसत. गावच्या सोसायटीत त्यांनी सेक्रेटरी म्हणून नोकरी केली, पण जीव निवडणुकीत. संध्याकाळी घराच्या दर्शनी सोप्यात बसून ते पहिल्या निवडणुकीपासून सुरुवात करत. बैलगाड्यांतून आलेल्या बायका, आणि केंद्रावरचा कानडी अधिकारी नवऱ्याचं नाव विचारतो म्हणून लाजून परत फिरणाऱ्या त्याच बायका... शेवटी एकमेकींच्या नवऱ्यांची नावं सांगून त्यांनी मतं दिली, हे अण्णा नक्कल करून सांगत. आमच्याकडे बरीच वर्षं एकच प्रश्न मतपेटीत जात होता: हा मुलूख महाराष्ट्रात जाणार की नाही. महाराष्ट्राच्या बाजूचा माणूस विधानसभेवर निवडून आला की अण्णा हसत म्हणायचे, "चालला आमचा गडी बेंगळूरला. आमी हितं ऱ्हात न्हाय, हे सांगायला. नगो म्हनायला बी लई लांब जावं लागतंय बग."

गावात एक रीत होती. सीमाप्रश्नाचा उमेदवार एकदा बैठकीत ठरला की देवळात बेल-भंडारा उचलायचा. प्रत्येक घरातून कर्ता माणूस पुढे येई, पिंडीवरचं बेलपान आणि हळदीचा भंडारा हातात घेई आणि घरातली सगळी मतं त्या उमेदवाराला बांधली जात. त्यानंतर मोडायचं नाही. ज्यानं मोडलं त्याच्या घरचं पाणीसुद्धा लोक टाळत, असं जुनी माणसं सांगतात.

त्या वर्षी उमेदवारी आप्पांना मिळणार असं सगळे धरून चालले होते. ते तेव्हा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते, चार गावांत ओळख होती, बोलणं चांगलं होतं. बैठकीत नाव मात्र दुसऱ्याच माणसाचं निघालं. आप्पा निपाणीहून आले तोवर देवळातला कार्यक्रम उरकला होता, आणि आमच्या घरातून अण्णांनी हात लावला होता.

"माझ्या वाटचा भंडारा तू कसा उचललास?"

"घरातनं एकच हात लागतोय. माझ्या आदी आपल्या आबांनी लावलता."

"आन् मी उभा ऱ्हायलो तर?"

"तर बी," अण्णा म्हणाले. मी दाराआड उभी होते. ते 'तर बी' मला अजून ऐकू येतं.

आप्पा उभे राहिले. एकाच प्रश्नासाठी दोन उमेदवार, दोघांचे झेंडे सारखे, दोघंही म्हणत, खरा मीच. ही चूक फक्त आमच्याच भागातली माणसं करू शकतात. दोघे पडले, तिसरा आला. पुढं चहाच्या टपरीवर कुणीतरी आप्पांना म्हणालं, "घरच्यांनी तरी शिक्का मारला का हो तुमच्यावर?" आईनं आप्पांनाच मत दिलं होतं, ते गावाला माहीत होतं, आणि नवऱ्याला दिलं म्हणून तिला कुणी बोल लावला नाही. प्रश्न अण्णांचा होता. त्या वर्षातच आम्ही पिरनवाडीला राहायला आलो.

नोकरीला लागल्यावर मी रविवारी गावी जाऊ लागले. अण्णा विचारत, "धाकटा काय म्हनतोय?" घरी आले की आप्पा काहीच विचारत नसत, पण मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज कमी करत. एकदाच म्हणाले, "दिलं न्हाय, असं तोंडावर सांगू दे. मी काय मारनार हाय त्याला? दिलं असलं तर... पर सांगू दे. एवढंच." मी ते अण्णांच्या कानावर घातलं. "त्यालाच इऊन इचारू दे," अण्णा म्हणाले. "ह्या सोप्यात बसून इचारू दे, मग सांगतो." मी ते आप्पांना सांगितलं. "आदी सांगू दे, मग जातो," आप्पा म्हणाले. मी पुस्तकांतली माणूस. दोन म्हाताऱ्यांना एका खोलीत कसं आणायचं, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही.

मधल्या काळात मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि आमचा मतदारसंघ नावानिशी गेला. गावं इकडे तिकडे वाटली. ज्या जागेसाठी भाऊ तुटले ती जागाच राहिली नाही. अण्णांना ते फार लागलं. "आता पडायला बी जागा ऱ्हायली न्हाय," ते म्हणाले. हे ऐकून आप्पा हसले होते. मग उठून आत गेले.

बाराव्याला पाहुणे जेवून पांगल्यावर आप्पा अंगणातून उठले आणि सोप्यात येऊन बसले. काकी खांबाला टेकून बसली होती. मी ताटं गोळा करत होते.

"वैनी," आप्पा म्हणाले, "त्यानं मत कुनाला दिलतं?"

काकीनं पदर नीट केला. "कुनालाच न्हाय, भावजी."

आप्पा खांबाकडे सरकले.

"रांगेतनं माघारी आले. लई गर्दी, कुनाच्या ध्यानात आलं न्हाय. वाटंत बोटाला चिंधी बांदली. कुनी इचारलं तर म्हनायचे, इळ्यानं कापलं. एक दिस मी म्हनलं, बगू तरी किती कापलंय. सोडली... जखम बी न्हाय, शाई बी न्हाय." काकीनं स्वतःच्या डाव्या हाताचं बोट समोर धरलं. "देवाचा भंडारा उचललेला, म्हनून तुमास्नी देता येईना. तुमी उभं, म्हनून त्या दुसऱ्याला देता येईना. गावाला कळलं असतं तर भंडारा मोडला म्हनले असते. मला आन घातलीती."

"मग मला का न्हाय सांगितलं त्यानं?"

"तुमी आलाच न्हाईसा," काकी म्हणाली.

अण्णा, ज्यांनी आजाऱ्यांना बाजल्यावर घालून मतदानाला नेलं, जे सांगत की न दिलेलं मत चोराला जातं, ते त्या एका दिवशी रांगेतून कसे मागे फिरले असतील... मला ती वाट दिसत राहते. हे छापायला देऊ का, असं मी काकीला विचारलं. "दे," ती म्हणाली. "आता कुनाला भ्यायाचं हाय?"

आप्पा आता दर रविवारी माझ्याबरोबर गावी येतात आणि सोप्यात बसतात. मागच्या रविवारी बेळगावातल्या कॉलेजची दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, अण्णांना शोधत आली. मतदारसंघाचा इतिहास लिहून घ्यायचा होता, अण्णा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ती परत निघाली तशी आप्पा म्हणाले, "बसा की." आणि पहिल्या निवडणुकीपासून सुरुवात केली. बैलगाड्या, बायका, नवऱ्यांची नावं. सांगायची धाटणी अण्णांचीच होती. ती त्यांनी कधी उचलली कोण जाणे. मग ती निवडणूक आली. दोन्ही उमेदवारांची नावं त्यांनी घेतली. दुसरं नाव स्वतःचंच आहे, हे सांगितलं नाही.

"त्या साली आमच्या घरातनं एक मत कमी पडलं," ते म्हणाले.

मुलीनं लिहिता लिहिता विचारलं, "कुणाला?"

"दोघांस्नी बी," आप्पा म्हणाले, आणि पुढच्या निवडणुकीकडे वळले.