आतल्यांसाठी डरकाळी

दाजींनी मला नव्या लाल गाडीत पुढे बसवलं, काचा चढवल्या आणि बटण दाबलं. केवढी डरकाळी! "इंजिन ऐक," म्हणाले. सिग्नलला मी काच खाली केली. बाहेर इंजिन शिलाई मशीनसारखं घरघरत होतं. शेजारच्या गजरेवालीने मानही वर केली नाही. डरकाळी दारातल्या स्पीकरमधली, फक्त आत बसलेल्यांसाठी.

माझं डोकंच फिरलं. या माणसाचं घरीही हेच. साहेबासमोर तोंडातून शब्द फुटत नाही आणि घरात भिंती हादरतात. ज्यांना उतरून जाता येत नाही, त्यांच्यावरच गरजायचं.

सिग्नल सुटल्यावर मागून ताई दोनदा म्हणाली, "अहो, जरा हळू चालवा."

दाजींनी माझी काच वर घेतली, आवाज आणखी वाढवला आणि विचारलं, "कशी वाटली?"

"मस्त," मी म्हणालो.