कोयत्याच्या धारेवरचा चुना

मी कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवते. माझा स्वभाव तापट, आणि तो मी कधी लपवलेला नाही. वर्गात पोरं जांभया द्यायला लागली की मी खडू ठेवून देते आणि म्हणते, "बाबांनो, ज्या बसनं आलात ती पोलादाची, ज्या खाटेवर झोपलात ती पोलादाची, आणि तुम्हाला त्याचा कंटाळा येतोय?" पोरं हसतात. मला मात्र पोलादाचं खरंच नवल वाटतं, इतकी वर्षं शिकवूनही.

आमच्या धंद्यात शोधनिबंधाला पेपर म्हणतात. पेपर छापून आला की काम संपत नाही. जगात दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात तुमच्या पेपराचा आधार घेतला, तर ते एक सायटेशन. ही सायटेशनं मोजतात आणि त्यावर माणसाची किंमत ठरते. पूर्वी स्टाफरूममध्ये चहा घेताना मुलाबाळांची चौकशी व्हायची. आता विचारतात, "मॅडम, किती झाली?" माझे बाकीचे पेपर चार-दोनवर अडकलेले. पण एक पेपर असा होता की त्याचा आकडा थांबतच नव्हता. रोज सकाळी कुकर लावला की मी मोबाइलवर तो आकडा बघायची. नवरा म्हणायचा, "देवाला हात जोडायच्या आधी हिला आकडा लागतो." खोटं कशाला सांगू, लागायचाच.

तो पेपर ऊस तोडायच्या कोयत्यावर होता. आमच्या भागात लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद तापवून कोयता करतात. खटावच्या पूर्वेला, औंधच्याही पुढं, माळावर एक लोहार जोडपं होतं. त्यांचा कोयता इतरांपेक्षा दुप्पट टिकतो, उसाच्या रसानंही गंजत नाही, असं तोडणीवाले सांगायचे. का टिकतो, ते बघायला मी गेले.

पहिल्यांदा त्यांचं काम बघितलं तेव्हा मी दोन तास उभीच होते. नवरा सांडशीत लाल पट्टी धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण मारणारी, पदर खोचून. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. तो पट्टी जरा वळवायचा, ती घण जरा तिरका आणायची. धार निघाली की तो फक्त तेवढीच कड पाण्यात बुडवायचा आणि लगेच बाहेर काढायचा. पाठीत अजून ऊब असायची. ती ऊब हळूहळू धारेकडं सरकायची आणि पोलादावर रंग चढत जायचा, आधी फिकट, मग वाळल्या कडब्यासारखा. तो रंग आला की बायको म्हणायची, "बास." तो परत पाण्यात घालायचा. तापमान मोजायला तिच्याकडं डोळ्यांशिवाय काही नव्हतं. मी प्रयोगशाळेत त्याच कामासाठी भट्टी, घड्याळ आणि तापमापक घेऊन बसते आणि तरी माझं चुकतं. त्या बाईपुढं मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला.

त्यांचं पाणी बोअरचं, जड, क्षाराचं. घागरीला आतून पांढरा थर चढायचा. मी चार वेळा गेले आणि चारही वेळा पाण्याबद्दल विचारलं. किती खोल बोअर, किती दिवसांनी पाणी बदलता, मीठ घालता का. मग कोयत्यांच्या धारेचे तुकडे कापले, प्रयोगशाळेच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला नेले, कारण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आमच्याकडं नाही. तिथं पडद्यावर धारेच्या खाचांमध्ये कॅल्शियम दिसलं. मला वाटलं, सापडलं. जड पाण्यातला चुना गरम पोलादावर बसतो, त्याचा बारीक थर होतो, तो थर धार राखतो. माणदेशी बोअरच्या पाण्याला मी थेट जागतिक कीर्ती देऊन टाकली.

पेपर चांगल्या जर्नलमध्ये आला. मग आधार घेणारे दिसायला लागले. गावांची नावं नकाशात शोधावी लागायची. कुणी शेतीच्या अवजारांवर तसाच थर चढवून बघत होतं, कुणी खाणीतल्या यंत्रांच्या पात्यांवर. मी घरी एक जुना नकाशा टांगला आणि जिथून सायटेशन आलं तिथं टाचणी लावायला लागले. माणदेशातल्या एका पाण्याच्या हौदाबद्दल बर्फातल्या देशात माणसं वाचतायत, या विचारानं माझ्या अंगावर काटा यायचा.

प्रोफेसरच्या पदासाठी माझी मुलाखत लागली होती, दिवाळीनंतर. तीन वेळा हुकलेली. वय बघता ही शेवटचीच. आणि फाइलीत दाखवण्यासारखं काय, तर हा एक पेपर. बाकी सगळी भाजी, हे एक वांगं भरलेलं.

नवरात्रात मी दरवर्षी सांगलीला माहेरी जाते. त्या वर्षी फाइल पुरी करायची म्हणून गेले नाही. खंडेनवमीला सकाळी कॉलेजला गेले, तर प्रयोगशाळेचं दार उघडं. आमचे मामा, म्हणजे प्रयोगशाळेचे सहायक, तीस वर्षं तिथंच, स्वच्छ धोतर नेसून पूजा करत होते. भट्टीला झेंडूचा हार, मायक्रोस्कोपला फूल, घासायच्या यंत्राला हळदकुंकू. मला बरं वाटलं. अवजारांची पूजा आमच्याकडं सगळीकडंच होते. मी हात जोडले. मग मामा टेबलाकडं वळले. तिथं एका विद्यार्थ्यानं साखर कारखान्यातल्या सुऱ्यांचे तुकडे मांडून ठेवले होते. मामांनी अंगठा ओला केला, कुंकवात बुडवला आणि एकेका तुकड्याच्या धारेवर नीट दाबून टेकवला.

"मामा, हे काय करताय?"

"पूजा न्हवं का, म्याडम."

"तुकड्यांना?"

"आवं, हत्यारच हाय त्ये. आन धारंलाच लावायचं असतंय. हत्याराचा जीव धारंत."

"दरवर्षी करता?"

"तर. तुमी सांगलीला जाताय, तुमाला काय म्हाईत. तुमच्या कोयत्यांची बी केलीवती की. आन मागनं वल्या फडक्यानं पुसून ठिवतो. डाग ऱ्हाऊ देत न्हाई मी."

मी हळदीच्या पेठेत वाढलेली. हळदीला चुना लागला की ती लाल होते, तसंच कुंकू करतात, हे सांगलीत शेंबडं पोरही सांगेल. चुना म्हणजे कॅल्शियम, हे तर मीच पोरांना शिकवते. आणि मी ते कॅल्शियम चारशे फूट खोल बोअरमध्ये शोधून आले होते.

मामांवर ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ते फडकं घेऊन इतक्या मायेनं उभे होते की मला बोलवेना. कपाटातून त्याच जोडप्याचा एक जुना कोयता काढला, जो कधी टेबलावर आलाच नव्हता. त्याच्या धारेचे तुकडे कापले आणि पुण्याला गेले. पडद्यावर लोखंड होतं, कार्बन होता, कॅल्शियमचा पत्ता नव्हता. दुसरा तुकडा बघितला, तिसरा बघितला. नव्हतं ते नव्हतंच. परतीच्या बसमध्ये वाईचा फाटा कधी मागं गेला ते मला कळलं नाही.

आता खरं सांगते. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. मुलाखत होऊ दे, मग बघू. कुणाच्या बापाला कळणार होतं? मामांना कळायचं नव्हतं, पुण्याच्या पडद्याला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची. असे दिवसामागून दिवस मी काढले, आणि रोज सकाळी आकडा बघतच होते. एक दिवस तो तीननं वाढला. मला आनंद झाला, आणि तो आनंद झाल्याचा मला इतका राग आला की मी कुकर तसाच ठेवून सुट्टीचा अर्ज पाठवला आणि खटावची बस धरली.

लोहारीण दारातच होती. भाता चालू होता. मी विचारलं, "तुमच्या बोअरचं पाणी जरा बाटलीत द्याल का?"

"बोअर कवाच बंद केली. आता क्यानालचं पानी येतंय. ग्वाड हाय."

"मग कोयते?"

"कोयते काय झालं? तसंच हायती."

तिनं नवा कोयता माझ्या हातात दिला. मी अंगठा अलगद फिरवला. तसाच होता. माझं सगळं शास्त्र त्या गोड पाण्यात विरघळून गेलं.

"मग तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही, की पाण्याचं काही नसतं म्हणून?"

लोहार भात्याजवळून म्हणाला, "आवं ताई, तुमी पान्याचंच इचारलं. आमाला वाटलं शिकल्याली बाई हाय, आसंल पान्याचं कायतरी."

लोहारणीनं त्याला भट्टीतून पट्टी काढायला लावली, धार बुडवून घेतली आणि मला जवळ ओढून रंग दाखवला. "ह्यो आत्ता न्हाई. ह्यो बी न्हाई. आता. बास." दोन रंगांत मला फरक दिसला नाही. तिनं परत दाखवलं. तरी दिसला नाही. "लय वर्सं लागत्यात," ती म्हणाली, आणि मला चहा टाकायला आत गेली. पुढं त्या धारा मी कापून बघितल्या. पोलादाच्या आतली बांधणी प्रत्येकीत एकसारखी होती, तिचं 'बास' एकदाही चुकलं नव्हतं. ज्या उत्तरासाठी मी पुण्यापर्यंत गेले, ते पहिल्या दिवशी दोन तास माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि पदर खोचून उभं होतं. इतका मोठा आदर मला कुठल्याही प्रोफेसरबद्दल वाटलेला नाही.

घरी आल्यावर मी जर्नलला पत्र लिहिलं. नमुन्यांच्या पृष्ठभागावर बाहेरून चुना लागला होता, निष्कर्ष चुकीचा आहे, पेपर मागे घ्यावा. चुना कसा लागला ते संपादकांनी विचारलं. मी खंडेनवमी समजावून सांगितली. त्यांनी सभ्यपणे आभार मानले. मामांचं नाव मी कुठंही घेतलं नाही, दोष माझाच होता. नमुने टेबलावर उघडे ठेवले मी, आणि मधे त्यांचं काय झालं ते न विचारता सिद्धांत मांडला तोही मी.

मुलाखतीत समितीनं तोच पेपर वर काढला. मी म्हटलं, "तो काढून टाका, चूक निघाली आहे." एक सदस्य समजुतीनं म्हणाले, "मॅडम, अजून मागे घेतल्याचं छापून आलेलं नाही. आजच्या तारखेला तो धरता येतो." मी म्हटलं, "धरू नका." त्यांनी फाइल मिटली. पद माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान अशा एका मुलाला मिळालं, आणि मुलगा हुशार आहे, हे कबूल करायला हवं. घरी येऊन मी रडले. नवऱ्यानं पिठलं-भात केला. टाचण्या मी काढून डबीत भरल्या.

पेपर मागे घेतल्याची सूचना छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मला एक ईमेल आला. एका थंड देशातली संशोधन करणारी मुलगी. तिचं नाव मला धड उच्चारता आलं नाही. तिनं लिहिलं होतं, तुमच्या पेपरात आहे तसा थर माझ्या नमुन्यांवर कधीच आला नाही. दीड वर्ष मी तेच तेच करतेय. पाणी बदललं, पोलाद बदललं, भट्टी बदलली. माझ्या सरांना वाटलं, माझ्या हातात कसब नाही. मलाही तसंच वाटायला लागलं. काम सोडण्याचं पत्र मी ऑक्टोबरमध्येच लिहून ठेवलं आहे, ते उद्या देणार होते. काल तुमची सूचना वाचली. एकच विचारायचं आहे. माझा हात बरोबर होता का?

ऑक्टोबरमध्ये. त्याच महिन्यात मी झाकली मूठ घेऊन बसले होते. मामांच्या अंगठ्याएवढं कुंकू, आणि ते एका अनोळखी पोरीचं दीड वर्ष खाऊन तिच्या पोटापाण्यापर्यंत पोचलं होतं. आकडा वाढतो म्हणजे काय होतं, ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. जेवण तसंच ठेवून मी उत्तर लिहायला बसले.

होता, मी लिहिलं. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. ते पत्र देऊ नकोस.