एका बंदुकीपुरता पुरावा

“बाबांनी आयुष्यभर याच पानावरून काडतुसे भरली. कधीही काही झाले नाही,” असे म्हणत एलेनबाईंनी एका जुन्या पुस्तकाचे पान माझ्या टेबलावर ठेवले, आणि माझा पारा चढला.

वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी दारू आणि नवी गोळी बसवून काडतूस घरीच पुन्हा तयार करणे, याला इथे रीलोडिंग म्हणतात. हा छंद जुना आहे आणि कायदेशीरही. कोणती दारू किती भरावी हे सांगणारे आकडे म्हणजे लोड डेटा. आकडा चुकला तर दाब वाढतो आणि बंदूक चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. महाराष्ट्रातील दारूगोळा कारखान्यात मी हाच दाब मोजत आलो. आता अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावापलीकडच्या दरीत, बंदुकीची दारू बनवणाऱ्या एका लहान कंपनीच्या लॅबमध्ये तेच करतो.

एलेनबाईंच्या वडिलांची, वॉल्टर यांची, दृष्टी गेली होती आणि ते अंथरुणाला खिळले होते. आपली रायफल पुन्हा एकदा ऐकावी, एवढीच त्यांची इच्छा. त्या रायफलचे काडतूस बाजारातून केव्हाच नाहीसे झाले होते. गोळी एलेनबाई झाडणार होत्या. बंदूक त्यांच्या गालाशी असणार होती.

बाईंनी वडिलांच्या रिकाम्या पुंगळ्याही आणल्या होत्या. प्रत्येकीच्या बुडाशी एक चकचकीत वळे उमटले होते. पितळ ताणले जाऊन तुटण्याच्या बेतात आल्याची ती खूण.

आमचा मॅनेजर रोहन इथेच जन्मलेला. त्याने पान पाहिले.

“काका, स्कॅन करून पाठवू. खाली डिस्क्लेमर टाकू. वी आर कव्हर्ड.”

“डिस्क्लेमरने कंपनी वाचेल. बाईंचा डोळा वाचणार नाही.”

“मग ‘नो डेटा’ म्हणून क्लोज करा ना.”

“पान त्यांच्याकडे आहेच. आपण नाही म्हटले की त्या तेच वापरतील. धोका ठाऊक असताना गप्प राहण्यालाही कायद्यात नाव आहे, रोहन.”

“ओह गॉड. आता लेटर येणार.”

एलेनबाईंना पत्र गेले, कलमवार. पानावरील दारू आज त्याच नावाने विकली जाते, परंतु तिची घडण बदलली असून ती अधिक वेगाने जळते. सबब ते पान रद्दबातल समजावे. चाचणी याच बंदुकीवर व्हावी आणि निकाल याच बंदुकीपुरता असावा. रोहनने खाली सही केली आणि एक उसासा टाकणारी स्मायली काढली. तिचा मी लेखी निषेध नोंदवला.

जवळच्या जातीच्या काडतुसापासून आम्ही नव्या पुंगळ्या घडवल्या. नळीवर स्ट्रेन गेज चिकटवला. ही कागदासारखी पातळ पट्टी. दाबाने नळी किंचित फुगते, तेवढे ती मोजते. बाईंनी आणून दिलेली रायफल शिकंजात धरली, ट्रिगरला दोरी बांधली आणि भिंतीआडून ओढली. आधी अगदी कमी दारू, मग कणाकणाने अधिक. बाहेर दरी धुक्याने भरलेली होती. प्रत्येक आवाज त्या पांढऱ्या ओलाव्यात शिरे आणि पलीकडच्या डोंगराने थोडा विचार करून उत्तर द्यावे तसा उशिरा परत येई. अशा सकाळी रागावलेला माणूसही हळू बोलू लागतो. दाब मर्यादेच्या पुष्कळ खाली असतानाच मी थांबलो.

पानगळीत वॉल्टर यांचा पलंग खिडकीशी सरकवला गेला. मी शेजारी बसलो. टेकडीवरून एलेनबाईंनी बार काढला. तो कापलेल्या मक्याच्या शेतावरून घरंगळत आला आणि खोलीत बराच वेळ रेंगाळला. वॉल्टर यांचे ओठ हलले.

“मऊ आहे. माझा कडक असायचा.”

वळे उमटलेली एक पुंगळी माझ्या खिशात होती. संपूर्ण युक्तिवाद तयार होता.

“होय, सर,” मी म्हणालो. “आम्ही जरा सावकाश चालतो.”

“अजून एकदा सांगा तिला.”

मी खिडकीतून हात हलवला.

कधीही काही झाले नाही, हे दैव असते, पुरावा नसतो. हे मी रोहनला लेखी कळवले आहे. वॉल्टर यांना कळवलेले नाही.